नृत्याचें भाष्य

ग्रंथ उरतो, मूर्ति उरते. नृत्य मात्र पडदा पडतांच नाहींसें होतें. मागाहून येणाऱ्या रसिकाच्या हातीं राहतात तीं केवळ छायाचित्रें. त्यांवर भरंवसा कितपत ठेवावा, हा प्रश्न अमेरिकेंतील छायाचित्रकार बार्बरा मॉर्गन यांची कामगिरी पाहतांना आमच्यापुढें वारंवार उभा राहिला.

बाईंचा जन्म १९०० सालचा. त्या मूळच्या चित्रकार. लॉस एंजेलिस येथील विद्यापीठांत त्या चित्रकला शिकल्या व पुढें तेथेंच शिकवूंहि लागल्या. १९३० सालीं न्यू यॉर्कला आल्यावर दोन मुलांच्या संगोपनांत चित्रकलेस सलग वेळ मिळेना, म्हणून त्या छायाचित्रणाकडे वळल्या. १९३५ सालीं नर्तकी मार्था ग्रॅहॅम यांच्याशीं त्यांचा परिचय झाला, आणि १९४१ सालीं ग्रॅहॅमबाईंच्या सोळा नृत्यांचा चित्रसंग्रह प्रसिद्ध झाला.

हीं चित्रें प्रयोग चालू असतां घेतलेलीं नाहींत. बाई आधीं नृत्य पुनःपुन्हां पाहत, त्याचें सार कोणत्या अंगविक्षेपांत आहे तें मनाशीं ठरवीत, आणि मग स्वतंत्र जागीं, आपल्या योजनेप्रमाणें दिवे लावून, तेवढाच भाग नर्तकीकडून करवून घेत. एमिली डिकिन्सन या कवयित्रीवरील 'लेटर टु द वर्ल्ड' या नृत्याचें १९४० सालचें चित्र सुप्रसिद्ध आहे. नर्तकी कमरेंतून वांकली आहे, हात कपाळाशीं गेला आहे, आणि मागें उचललेल्या पायासरशीं घोळदार झगा कमानीसारखा फिरला आहे.

हा सारा बनाव आहे, असें कोणी म्हणेल. आम्हांस तो आक्षेप मान्य नाहीं; निवड केल्यावांचून कला संभवत नाहीं. आमची शंका निराळी आहे. ग्रॅहॅमबाईंचें नृत्य श्वासाबरोबर देह आकुंचित होणें व मोकळा होणें यांवर उभें आहे. त्याचा प्राण एका स्थितींतून दुसरींत जाण्यांत आहे. मॉर्गनबाई बहुधा शिखरें तेवढीं दाखवितात, आणि पाहणारास वाटतें कीं नृत्य म्हणजे शिखरांचीच माळ. 'लॅमेंटेशन'च्या चित्रांत ही उणीव सर्वांत कमी भासते. तेथें नर्तकी बसल्या जागीं, अंगावरील ताणल्या जाणाऱ्या वस्त्रांतच झगडत असते. तो ताण स्थिर चित्रांतहि पुरता उतरतो.

ज्ञानेश्वरीला गीतेची नक्कल कोणी म्हणत नाहीं. गीता कळावी म्हणून आपण ती वाचतों, आणि तिच्यांत ज्ञानेश्वरहि भेटतात. या छायाचित्रांकडे त्याच दृष्टीनें पाहावें. साक्ष म्हणून तीं अपुरीं आहेत. भाष्य म्हणून त्यांचें मोल फार मोठें आहे. ग्रॅहॅमबाई १९९१ सालीं व मॉर्गनबाई १९९२ सालीं निवर्तल्या. ज्यांनीं तें नृत्य प्रत्यक्ष पाहिलें असे डोळेहि आतां विरळ होत चालले आहेत. म्हणूनच भाष्यास मूळ ग्रंथ समजण्याची चूक यापुढें अधिक सहज घडेल, आणि ती टाळण्याची जबाबदारी आम्हां पाहणारांवर आहे.