नजरेचा बिंदू आणि वेदनेचे मूळ

डेव्हिड ग्रँड या अमेरिकन मनोचिकित्सकाचे ‘ब्रेनस्पॉटिंग’ हे पुस्तक २०१३ साली प्रसिद्ध झाले. २००३ मध्ये बर्फावर स्केटिंग करणाऱ्या एका युवतीवर उपचार करताना तिची नजर एका बिंदूपाशी अडखळलेली त्यांना दिसली. ती तेथेच स्थिर ठेवताच दबलेल्या आठवणी वर आल्या. नजरेची जागा आणि शरीरात साठलेला आघात यांचे नाते असते, हा त्यांचा सिद्धान्त यातूनच उभा राहिला.

या पद्धतीतील चिकित्सक उपदेश करीत नाही. दुःखिताच्या सोबत थांबतो. हा गुण आम्हांस मोलाचा वाटतो. मात्र मेंदूविषयीची ग्रँड यांची विधाने पुराव्याच्या पुढे धावतात. डोळ्यांच्या हालचालींवर आधारलेल्या ‘ईएमडीआर’ उपचाराची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये केली. ब्रेनस्पॉटिंगच्या पाठीशी अजून मोजकेच, लहान अभ्यास आहेत.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. २०१९ साली नीलम गोऱ्हे समितीपुढे बीड जिल्ह्याचे चित्र आले: पाहणीतील ८२ हजारांवर ऊसतोड स्त्रियांपैकी १३ हजारांवर स्त्रियांची गर्भाशये काढलेली होती. एका दिवसाच्या खाड्यालाही दंड, डोक्यावर मुकादमाची उचल. तेथे मासिक पाळीही परवडत नाही. हा आघात केवळ स्मृतीत नाही. पुढच्या हंगामात तो पुन्हा समोर उभा असतो. पुस्तकात या बाजूचा विचार नाही.

एखाद्या भगिनीस या उपचाराने शांती लाभली, तर आम्ही तिचे स्वागतच करू. परंतु न्याय्य मजुरी आणि विश्रांती यांची जागा कोणताही उपचार घेऊ शकणार नाही.