तीन स्प्रिंगा आणि मोटरची घरघर

तबकडी वाजवणाऱ्या यंत्रातील मोटरचा जो आवाज आपल्या कानाला येतो, त्याचा फारसा उपद्रव नसतो. खरा उपद्रव सुईला जाणवणाऱ्या हादऱ्यांचा. एलपीची खाच सुमारे ५० मायक्रोमीटर रुंद असते आणि अगदी हळू आवाजाच्या जागी तिची नागमोड एका मायक्रोमीटरहूनही लहान भरते. ही नागमोड आणि मोटरचा हादरा यांतला फरक सुईला कळत नाही. शिवाय तबकडी कोरताना खालचे स्वर मुद्दाम लहान केलेले असतात आणि वाजवताना वर्धक ते पुन्हा मोठे करतो. २५ हर्ट्झपाशी ही वाढ १००० हर्ट्झच्या तुलनेत आठ-नऊ पट असते. २५ हर्ट्झच का? आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर चार ध्रुवांची सिंक्रोनस मोटर मिनिटाला १५०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला २५. अमेरिकेतल्या ६० हर्ट्झच्या विजेवर हाच आकडा ३० होतो.

१९५४ साली आलेल्या गॅरार्ड ३०१ सारख्या यंत्रांत मोटरची गती एका रबरी चाकातून थेट थाळीच्या कडेला दिली जाई. ओढ जोरकस, पण हादऱ्यांनाही तीच वाट मोकळी. त्यावर उपाय म्हणजे मोटर अधिक नेमकी घडवायची आणि सांगाडा जड करायचा. मग १९५८ च्या सुमारास स्टीरिओ तबकड्या बाजारात आल्या. एकमार्गी तबकडीत सुईची आडवी हालचाल तेवढी मोजली जाई. आता उभी हालचालही आवाज ठरू लागली. आजवर दुर्लक्षित राहिलेले उभे हादरे एकाएकी ऐकू येऊ लागले.

या पार्श्वभूमीवर अमेरिकेतील अकूस्टिक रिसर्च या कंपनीच्या एडगर विल्चर यांनी १९६१ मध्ये आणलेले यंत्र पाहावे. त्यांनी मोटर वरच्या पत्र्याला जोडली आणि थाळी रबरी पट्ट्याने फिरवली. थाळी व सुईची भुजा ही दोन्ही टी आकाराच्या एकाच धातूच्या पट्टीवर बसवून ती पट्टी तीन स्प्रिंगांवर टांगली. आमच्या मते यातली खरी बुद्धिमत्ता स्प्रिंगांत नाही, 'एकाच' या शब्दात आहे. सुई मोजते ती खाचेची आपल्या सापेक्ष झालेली हालचाल. भुजा आणि थाळी एकत्र डोलली तर सुईपुरते काहीच घडले नाही! सापेक्ष गतीचा पाठ शिकवताना आगगाडीऐवजी हे उदाहरण घ्यायला हरकत नाही.

स्प्रिंगांचा हिशेबही फळ्यावर मांडण्याजोगा आहे. वजनाने स्प्रिंग जितके सेंटिमीटर दबते किंवा ताणते, त्या संख्येच्या वर्गमुळाने ५ ला भागा. तिची स्वाभाविक वारंवारता हर्ट्झमध्ये मिळते. सूत्रात वस्तुमान कोठेच नाही. स्प्रिंग दोन सेंटिमीटर ताणलेली असेल तर वारंवारता सुमारे ३.५ हर्ट्झ. घर्षण सोडून दिले तर २५ हर्ट्झच्या हादऱ्याचा जेमतेम पन्नासावा भाग पलीकडे पोहोचतो.

आता बाजारात यंत्राखाली ठेवायला मिळणाऱ्या जाड रबरी पायांना हीच कसोटी लावू. असा पाय वजनाखाली एक मिलिमीटर दबला, तर वारंवारता जवळजवळ १६ हर्ट्झ येते. रबर तर हलत्या भाराला स्थिर भारापेक्षा अधिकच ताठर वागते. १६ हर्ट्झच धरले तरी २५ हर्ट्झचे दोन-तृतीयांश हादरे पलीकडे जातात आणि १६ हर्ट्झच्या आसपासचे उलट वाढतात. भुजा आणि सुई यांचे स्वतःचे अनुनादही सहसा ८ ते १२ हर्ट्झमध्ये असतात; त्यांच्या शेजारी आणखी एक अनुनाद आणून ठेवणे शहाणपणाचे नाही. मोटर यंत्रातच असताना पायांखाली रबर घालण्याचे प्रयोजनही आम्हाला कळत नाही. हादरा जमिनीतून येतच नाही, तो अडवायचा कोठे? पातळ प्लॅस्टिकच्या पेटीला मोटर, थाळी आणि भुजा एकत्र जोडलेल्या आजच्या स्वस्त सुटकेसवजा यंत्रांची अडचण हीच आहे.

विल्चर यांच्या रचनेतही उणिवा आहेत. मोटर स्थिर आणि थाळी टांगलेली, त्यामुळे थाळी आडवी झुलली की दोघींमधले अंतर बदलते, पट्ट्याचा ताण बदलतो आणि सूर किंचित डळमळतो. पट्टा थाळीला सतत एका बाजूला ओढत असतो, ते वेगळेच. स्प्रिंग स्वतःच्या वारंवारतेवर हादरा अडवत नाही, वाढवते. म्हणून लाकडी जमिनीचे संथ हेलकावे तिला सोसत नाहीत. भुजा तर साधारणच होती. स्वस्त यंत्रात कोठेतरी काटकसर करावीच लागते, आणि ती थाळी टांगण्यात न करता भुजेत केली, हा निर्णय आम्हाला योग्य वाटतो.

१९७० च्या टेक्निक्स एसपी-१० ने प्रश्नच निराळ्या टोकाने धरला: मोटरच मिनिटाला ३३ १/३ फेरे घेऊ लागली. एका फेऱ्याला १.८ सेकंद, म्हणजे मूळ वारंवारता ०.५६ हर्ट्झ, ऐकण्याच्या मर्यादेच्या कितीतरी खाली. तेथे पट्टा नको, रबरी चाक नको. मात्र एका फेऱ्यात मोटरला बसणारे अनेक बारीक झटके थाळीला थेट मिळतात. ते जड थाळीच्या जडत्वाने आणि इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाने आवरावे लागतात. ते काम १९६१ मध्ये तीन स्प्रिंगांच्या किमतीत होण्यासारखे नव्हते.