नायिकेच्या हातातली स्टिक

एल केनेडीच्या ‘द डील’ या कादंबरीत (२०१५) गॅरेट ग्रॅहम आइस हॉकी खेळायचा आणि हॅना त्याची शिकवणी घ्यायची. आठ वर्षांनी आलेल्या ‘द ग्रॅहम इफेक्ट’मध्ये त्यांची मुलगी जिजी स्वतःच बर्फावर उतरते आणि ऑलिम्पिक सुवर्णाची भाषा करते. इतकी वर्षं नायकांचेच खांदे वाचत आलेल्या वाचकाला याचा आनंद व्हायलाच हवा, मलाही झाला. पण जिजीचा खेळ एका जागी कच्चा आहे: गोलच्या मागे. तो पक्का करून घ्यायचा तो पुरुष संघातल्या ल्यूक रायडरकडून, आणि बदल्यात तिने त्याच्यासाठी वडिलांकडे शब्द टाकायचा. गोलमागची ती चिंचोळी जागा हॉकीतली फार देखणी जागा आहे. दिग्गज हॉकीपटू वेन ग्रेट्झ्कीने तिथूनच राज्य केलं. पक (खेळाची चकती) तिथे गेला की गोलकीपरला एकदा या खांद्यावरून, एकदा त्या खांद्यावरून मागे पाहावं लागतं; बचावपटूला कळत नाही, पाठलाग करावा की गोलसमोर पाय रोवून उभं राहावं. त्या दोन-तीन सेकंदांत खेळाडूची सारी बुद्धी दिसते. आणि नेमक्या त्याच जागी आपली नायिका शिष्या म्हणून उभी राहते. स्टिक तिच्या हातात आली, खेळाचं शहाणपण मात्र नायकाकडेच राहिलं.

ही तक्रार एका पुस्तकापुरती नाही. बर्फावर आडदांड आणि घरी हळवा असा पुरुष, या एका विरोधावर हॉकी-प्रेमकथांचा हा सगळा प्रकार उभा आहे. बाई स्वतः खेळू लागली की तो विरोध पुरत नाही, कथेची मांडणीच बदलावी लागते. आणि लेखक तिथेच कच खातात. हॅना ग्रेसच्या ‘आइसब्रेकर’मध्ये (२०२२) सुरुवात किती चांगली आहे: फिगर स्केटर अनास्तासिया आणि नायक नेटचा हॉकी संघ यांना एकच रिंक वाटून घ्यावी लागते. बर्फावरचे तास कुणाचे, हा खरा झगडा आहे. पण प्रेम जमू लागलं की तो झगडा मागे सरतो आणि बर्फ नुसता पडदा होऊन जातो.

खेळ आणि प्रेम एकजीव होऊ शकतात, हे रेचल रीडच्या ‘हीटेड रायव्हलरी’ने (२०१९) सिद्ध केलं आहे. शेन आणि इल्या हे माँट्रिअल आणि बॉस्टनचे प्रतिस्पर्धी. सामन्यांचं वेळापत्रक त्यांना एका शहरात आणेल तेव्हाच त्यांची भेट. तिथे मोसम हाच विरह असतो. मग बायकांच्या हॉकीत हे का नको? मेगन डगन अमेरिकेची कर्णधार, जिलियन ॲप्स कॅनडाची खेळाडू. २०१४च्या सोची ऑलिम्पिकच्या अंतिम सामन्यात कॅनडाने अमेरिकेला जादा वेळेत ३-२ ने हरवलं तेव्हा दोघी समोरासमोर होत्या, आणि २०१८ मध्ये त्यांनी लग्न केलं. वास्तवाने आयतं हातात ठेवलेलं हे कथानक आहे.

लहान गावातल्या प्रेमकथांकडे वळलं तर सामग्री आणखी दाट आहे. हेली विकनहायझर सॅस्कॅचेवानमधल्या शॉनाव्हनसारख्या चिमुकल्या गावातून आली, मुलांच्या संघांत खेळत वाढली. अशा गावात रिंक एकच. रिंकचे चांगले तास मुलांना, उरलेसुरले मुलींना. दहाव्या वर्षी शेजारी खेळणारा मुलगा पुढे लाखो डॉलर कमावतो, ती? २०२४च्या जानेवारीत सुरू झालेल्या प्रोफेशनल विमेन्स हॉकी लीगमध्ये पहिल्या मोसमाचं किमान वेतन ३५ हजार डॉलर होतं, त्याच मोसमात पुरुषांच्या एनएचएलमध्ये ७ लाख ७५ हजार. त्याआधीची बायकांची कॅनेडियन लीग तर २०१९ मध्ये बंदच पडली. अशी खेळाडू गावी परतते ती पोट आहे म्हणून, आणि त्या परतण्यात संतापही असतो. रिंकवर गावाचं काय काय पणाला लागलेलं असतं, हे फ्रेडरिक बॅकमनच्या ‘बेअरटाउन’ला (२०१६) नेमकं ठाऊक आहे. ती प्रेमकथा नाही, पण प्रेमकथा लिहिणाऱ्यांनी तिच्याकडून हे शिकायला हरकत नव्हती.

यावर म्हटलं जाईल की लोक विरंगुळ्यासाठी वाचतात, त्यांना वेतनाचे आकडे नकोत. पण विरंगुळ्याला खोटेपणा लागतो असं कुणी सांगितलं? सुखान्त हवा, जरूर हवा. रीडनेही तो दिला आहे. बायकांचं हॉकी कोण पाहतं, असंही विचारतील. २० एप्रिल २०२४ रोजी माँट्रिअलच्या बेल सेंटरमध्ये २१,१०५ माणसं ते पाहायला बसली होती. नायिका खेळातच बुडाली तर प्रेम बाजूला पडेल, ही भीती मात्र खरी आहे असं मानून उत्तर देतो: उलट तिथेच प्रेमाची कसोटी लागते. आजवर नायकाचा दुसऱ्या संघात ट्रेड झाला की नायिकेने निमूट सामान बांधलं आणि आपण त्याला त्याग म्हटलं. आता मिनेसोटाच्या संघाचं बोलावणं तिला येऊ द्या, गावातली नोकरी त्याची असू द्या, आणि सामान कुणी बांधायचं यावर तीनशे पानं लिहा.