सूचकता आणि ध्वनिचित्रफीत : ब्राझीलचा प्रौढ चित्रपट व मराठी द्व्यर्थी विनोद

ब्राझीलमधील प्रौढ चित्रपटव्यवसायाचा इतिहास बहुधा सेन्सॉरच्या इतिहासाचे परिशिष्ट म्हणून सांगितला जातो : बंदी सैल झाली, उघड लैंगिक चित्रण आले आणि ध्वनिचित्रफितीने ते घरोघर नेले. हा क्रम कालदृष्ट्या बरोबर आहे. परंतु या स्थित्यंतरात भाषेचे काय झाले, हा प्रश्न त्यातून निसटतो. प्रस्तुत टिपणात तोच प्रश्न मराठी द्व्यर्थी चित्रपटाच्या संदर्भात तपासावयाचा आहे.

लष्करी राजवटीच्या काळात (१९६४–८५) साओ पावलोच्या ‘बोका दो लिशो’ या वस्तीत ‘पोर्नोशांशादा’ हा चित्रपटप्रकार बहरला. ‘शांशादा’ या जुन्या संगीतप्रधान प्रहसनाचा तो वंशज. नावात ‘पोर्नो’ असले तरी त्याची भिस्त शब्दच्छलावर आणि अर्धवट सोडलेल्या वाक्यावर होती. १९८२ साली राफाएले रोसी यांचा ‘कोइझास एरोतिकास’ प्रदर्शित झाला. उघड चित्रणाच्या या पहिल्या ब्राझिलियन चित्रपटाला सुमारे ४७ लाख प्रेक्षक लाभले. पुढील काही वर्षांतच पोर्नोशांशादा निस्तेज झाला. १९८८ च्या संविधानाने सेन्सॉर रद्द केला. चित्रफितींच्या बाजारात १९९६ साली ‘ब्राझिलेइरिन्हास’सारखी निर्मितीसंस्था उभी राहिली, तिने पुढे दूरचित्रवाणीवरील परिचित चेहऱ्यांना भूमिका दिल्या. संवादाची जागा प्रसिद्धीने घेतली, असे म्हणता येईल. काव्यशास्त्राच्या परिभाषेत, व्यंजनेकडून अभिधेकडे झालेला हा प्रवास आहे.

मराठीतील समांतर उदाहरण दादा कोंडके यांचे. वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ या वगनाट्यातून पुढे आलेला हा नट ‘सोंगाड्या’ (१९७१), ‘पांडू हवालदार’ (१९७५) अशा चित्रपटांतून द्व्यर्थी विनोदाचा धनी ठरला. हा विनोदही सेन्सॉरच्या धाकानेच जन्मला, असे मानण्याचा मोह होतो. पण गणगौळणीतील मावशी आणि बतावणीतील सोंगाड्या यांचा श्लेष चित्रपट-सेन्सॉरहून जुना आहे. सेन्सॉरने त्याला धार दिली असेल, जन्म दिला नाही.

दोन्ही परंपरांतील फरक ध्वनिचित्रफितीच्या काळात स्पष्ट होतो. भारतात बंदी उठली नाही, म्हणून ही तुलना काटेकोर नव्हे, हे मान्य करावे लागते. तरीही व्हिडिओने निषिद्ध दृश्ये चोरवाटेने आणलीच. या दृष्टीने भिलाईतील सुपेला ही बाजारवस्ती विचारात घेण्याजोगी आहे. पोलादनगरीच्या या परिसरात छत्तीसगढी, हिंदी, तेलुगू, बंगाली, मराठी एकत्र नांदतात. मराठी श्लेष शेजाऱ्याच्या भाषेत पोहोचत नाही. निःशब्द चित्रफितीला मात्र अनुवाद लागत नाही. कोंडके यांनी १९८६ साली ‘अंधेरी रात में दिया तेरे हाथ में’ हा हिंदी चित्रपट काढला, तेव्हा शीर्षकातच हिंदी श्लेष नव्याने घडवावा लागला, हे येथे लक्षणीय ठरते.

कायद्याची भाषाही याच सुमारास बदलली. चंद्रकांत काकोडकरांची ‘श्यामा’ ही कादंबरी १९६२ साली ‘रंभा’च्या दिवाळी अंकात आली, १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने तिला अश्लील ठरवण्यास नकार दिला. तेथे न्यायालयाला कृती वाचून तिचा अर्थ ठरवावा लागला होता. १९८३ च्या ‘रेस्टॉरंट ली’ खटल्यात मध्य प्रदेश उच्च न्यायालयापुढील प्रश्न निराळा होता : उपाहारगृहात व्हिडिओवर दाखवलेला चित्रपट ‘सिनेमा’ ठरतो काय, आणि त्यासाठी परवाना हवा काय? न्यायालयाने होकारार्थी उत्तर दिले. १ नोव्हेंबर २००० पर्यंत मध्य प्रदेशातच असलेल्या सुपेल्यालाही तो निर्णय लागू होता. १९८४ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात व्हिडिओ चित्रपटांवर सेन्सॉर प्रमाणपत्राची प्रत दर्शवण्याची अट आली. म्हणजे अर्थनिर्णयाच्या शेजारी आता परवाना आणि प्रमाणपत्र यांचा प्रश्न येऊन बसला.

ध्वनिचित्रफितीच्या भर काळातही कोंडके यांचे ‘पळवापळवी’ (१९९०), ‘येऊ का घरात’ (१९९२) हे चित्रपट आले. केवळ निषेधावर पोसलेली सूचकता निषेधाबरोबर संपते. लोकरंगभूमीच्या भाषेत मुळे असलेली सूचकता काही काळ तग धरते. अर्थात या विनोदाने स्त्रीदेहाला कायम लक्ष्य केले, हा दोष परंपरेच्या आधाराने क्षम्य ठरत नाही. त्याची चिकित्सा मात्र संवादांच्या बारकाईच्या वाचनातूनच करावी लागेल. परवान्यांच्या नोंदी तिला पुरणार नाहीत.