नकाराच्या कवितेत शंका का नाही?

आपल्या कवितेत देवाला जेवढ्या शिव्या आहेत तेवढ्या जगातल्या दुसऱ्या कुठल्याच कवितेत नसतील. याचा मला अभिमान आहे. हजारो वर्षं ज्यानं देवळाच्या पायरीवर चढू दिलं नाही, त्याला शिवी द्यायची नाही तर काय ओवाळायचं? पांढरपेशे टीकाकार या शिव्यांना आक्रस्ताळेपणा म्हणतात. ते त्यांचं दुखणं, त्यांच्याशी मला आज भांडायचं नाही. मला भांडायचंय आपल्याशीच. जो नाही असं आपण म्हणतो, त्याला आपली कविता ओळीओळीला 'तू' म्हणून हाक का मारते? शिवी द्यायलासुद्धा समोर कुणीतरी लागतो. वीस-पंचवीस वर्षांचा आपला कवी देवाची गचांडी धरतो, त्याला फरफटत चौकात आणतो आणि कविता संपवतो. पण घरी गेल्यावर, रात्री, माय आजारी असताना त्याच्या मनात काय होतं, हे त्या कवितेत कधी येत नाही.

देव सोडलेल्या माणसाला आपल्या निर्णयाबद्दल कधीतरी शंका येते का, असा हा प्रश्न आहे. आपल्या वस्त्यांत तो विचारला की लगेच 'हा कुणाचा माणूस?' असं होतं. म्हणून आधी दोन पुस्तकांबद्दल लिहितो.

पहिलं भगतसिंगचं. 'मी नास्तिक का आहे' हा लेख त्यानं ऑक्टोबर 1930 मध्ये लाहोरच्या तुरुंगात लिहिला. तेव्हा तो 23 वर्षांचा होता, म्हणजे आपल्याच वयाचा. 23 मार्च 1931 ला त्याला फाशी झाली आणि लेख छापून आला सप्टेंबरमध्ये, लाहोरच्या 'द पीपल' मध्ये. आपल्याकडे या लेखाचा उपयोग भाषणात टाळ्या घेण्यापुरता होतो. तो नीट वाचा. 1927 मध्ये त्याला पहिल्यांदा पकडलं तेव्हा पोलीस अधिकारी त्याला दोन वेळा देवाची प्रार्थना कर म्हणून गळ घालत होते. त्यावर हा गडी फुशारकी मारत नाही. तो स्वतःलाच विचारतो की आपली नास्तिकता फक्त सुखाच्या दिवसांपुरती आहे, की अशा अवघड वेळीही टिकणार आहे? विचार करून तो ठरवतो, प्रार्थना करायची नाही. आणि केली नाही. देव मानला असता तर मरण सोपं गेलं असतं, आधार मिळाला असता, हेही तो लपवत नाही. माझ्या मते त्या लेखाचा जीव इथं आहे. देवाविरुद्धचे युक्तिवाद चांगले आहेत, पण ते दुसरीकडेही मिळतात. फाशीच्या कोठडीत बसलेल्या माणसानं स्वतःची उलटतपासणी घेतलेली दुसरीकडे मिळत नाही.

दुसरं पुस्तक आपल्या अगदी उंबऱ्यातलं आहे. गांधीचं नाव पाहून पान उलटू नका. पुणे करार मीही विसरलेलो नाही. आमच्या पिपरी मेघेहून सायकलीनं गाठता येतं त्या सेवाग्रामला, 1944 च्या शेवटी आंध्रातला एक माणूस आला. गोपराजू रामचंद्र राव, ज्यांना सगळे गोरा म्हणत. जन्मानं ब्राह्मण, पेशानं कॉलेजातले मास्तर. नास्तिक मतांपायी नोकऱ्या गेल्या आणि 1940 मध्ये त्यांनी कृष्णा जिल्ह्यातल्या मुदुनूर गावी नास्तिक केंद्र काढलं. गांधींशी त्यांचे जे वाद झाले त्याचं पुस्तक 1951 मध्ये अहमदाबादच्या नवजीवननं छापलं, 'ॲन एथिस्ट विथ गांधी'. मी ते डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचलं.

गोरांचं म्हणणं साधं होतं. देव आणि नशीब डोक्यातून काढल्याशिवाय अस्पृश्यता जाणार नाही. कारण 'तुझ्या कर्माचं फळ' हेच तर आपल्याला शिकवलं गेलं. गांधी आधी विरोध करतात, नास्तिकता म्हणजे स्वतःलाच नाकारणं असं सांगतात, आणि पुढं मात्र कबूल करतात की माझी आस्तिकता बरोबर आणि तुमची नास्तिकता चूक, असं मी म्हणू शकत नाही. गोरांची मोठी मुलगी मनोरमा हिचं लग्न अर्जुनराव या दलित तरुणाशी ठरलं होतं. गांधींनी ते सेवाग्रामला लावायचं ठरवलं आणि विधीत देवाच्या नावाऐवजी सत्याचं नाव घ्यायला ते तयार झाले. 30 जानेवारी 1948 ला त्यांचा खून झाला. लग्न ठरल्याप्रमाणे 13 मार्च 1948 ला सेवाग्रामलाच लागलं.

आता माझी तक्रार. या सगळ्या पुस्तकात हलतो तो आस्तिक. नास्तिक जागचा हलत नाही. नोकरी गेली, पोरंबाळं घेऊन खेड्यात राहायला आला, त्या माणसाला एका रात्री तरी 'मी हे काय करून बसलो' असं वाटलं असेलच ना? ते गोरा लिहीत नाहीत. वाद जिंकणाऱ्या माणसाला आपली बाजू उघडी टाकायची नसते. आपल्या कवितेचं हेच होतं. शत्रू बाहेर उभा आहे, कवाड उघडलं तर आत शिरेल, म्हणून आपण आतला अंधारसुद्धा कुणाला दाखवत नाही.

पण बाबासाहेबांनी दाखवला आहे. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' 1957 मध्ये, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर छापून आला. आपण त्याच्यापुढं मेणबत्ती लावतो, पण त्याची प्रस्तावना किती जणांनी वाचली? ज्या धम्मात लाखोंना नेलं त्याच्याविषयीचे चार अवघड प्रश्न त्यांनी ग्रंथाच्या तोंडाशीच मांडले आहेत. म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून सिद्धार्थ घर सोडून गेला, हे पटतं का? आत्मा नाही तर कर्म आणि पुनर्जन्म कसा? असे प्रश्न. येवल्याची घोषणा 13 ऑक्टोबर 1935 ची, नागपूरची दीक्षा 14 ऑक्टोबर 1956 ची. मधली 21 वर्षं ते काय करत होते? वाचत होते, तपासत होते, नको ते बाजूला टाकत होते. शंका म्हणजे गद्दारी असती तर तेही त्यात आले असते.

इथं एक घोळ सोडवला पाहिजे. आपले लोक मागं फिरले, हे सिद्ध करायला काही विद्वान दाखल्याचा कागद पुढं करतात. म्हणतात, बघा, बौद्ध झाले आणि दाखल्यावर मात्र हिंदू महार लिहितात. अरे बाबा, 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीचा हक्क धर्माला बांधून ठेवला होता. महाराष्ट्र राज्यानं आपल्यापुरत्या सवलती दिल्या, पण केंद्राकडून नवबौद्धांना हक्क मिळायला 1990 उजाडावं लागलं. चौतीस वर्षं पोटाला बांधलेला धर्म तो. त्याला शंका म्हणत नाहीत. आणि कोपऱ्यात ठेवलेली मरीआई? तीही पुष्कळदा शंका नसते, सवय असते. शंका त्यालाच येते ज्यानं खरोखर सोडलंय.

ती कशी येते ते सांगतो. बाप दवाखान्यात होता, नाकात नळी. मी तिसरी पाळी करून थेट आलेलो, अंगावर कापूस तसाच. रात्री डॉक्टर म्हणाला, सकाळपर्यंत पाहू. मी हात जोडले नाहीत. पण हात कुठं ठेवावे ते कळेना. खिशात घातले, बाहेर काढले, खाटेचा गज धरला. मायनं पाहिलं. बावीस प्रतिज्ञा तिला तोंडपाठ आहेत. ती म्हणाली, "भेतं कायले? देव नाई त कोपणाराबी नाई." बाप वाचला, औषधानं वाचला. पण त्या दोन-तीन तासांत माझ्या डोक्यात जे चाललं होतं ते 'देव आहे की काय' असं नव्हतं. 'आता सांगायचं कुणाला' असं होतं. रिकाम्या जागेचं ते भेव. ही रिकामी जागा आपल्या कवितेत मला कुठंच सापडत नाही. पोस्टरवर लावायला ती कामाची नाही, म्हणून असेल.

गद्यात मात्र तिचा माग लागतो. दया पवारांच्या 'बलुतं' (1978) मध्ये लेखक आणि दगडू समोरासमोर बसतात. एकाच माणसाचे दोन तुकडे एकमेकांना प्रश्न विचारतात. शंकेला बसायला जागा करून देणारी ही मांडणी आहे. तिच्यावर कबुलीजबाबाचा शिक्का मारून आपल्यातल्याच काहींनी नाकं मुरडली, हा करंटेपणा. बेबी कांबळे 'जिणं आमुचं' मध्ये (1986) आषाढातल्या अंगात येणाऱ्या बायका, पोतराज, सगळं सांगतात. त्या अज्ञानावर कोरडे ओढतात, पण त्या बायांना परकं करत नाहीत. काय सोडलं हे त्यांना नेमकं माहीत आहे, म्हणून का सोडलं हे त्यांच्याकडून पटतं. आपल्या कवींना काय सोडलं हेच धड आठवत नाही. बापानं सोडलं, यांनी फक्त घोषणा उचलली.

कुणी म्हणेल, आज एकेक देऊळ मोठं होत चाललंय, 2013 मध्ये पुण्यात दाभोलकरांना भररस्त्यात गोळ्या घातल्या, अशा वेळी शंकेच्या कविता कसल्या लिहिता? प्रश्न रास्त आहे. पण गोळी घालणाऱ्याला शंका नव्हती, म्हणूनच त्याला गोळी घालता आली. आपणही तसेच बिनशंकेचे झालो तर आपल्या पोरांना पुढं कोणती पोथी देणार आहोत?

सेवाग्रामच्या त्या लग्नाकडे पुन्हा येतो. वधूचा बाप बोलतो, महात्मा बोलतो. नवरामुलगा अर्जुनराव काय म्हणाला, हे मला त्या पुस्तकात सापडलं नाही. देवाचं नाव गाळून सत्याचं घातलं तेव्हा त्या दलित पोराला हलकं वाटलं, की मी बापाच्या खाटेपाशी उभा होतो तसं त्यालाही हात कुठं ठेवावे कळेना? दोन मोठ्या माणसांच्या वादात मधे उभं राहून त्यानं काय ऐकलं? गोरांचं पुस्तक हे सांगत नाही. ती कविता आपल्यापैकी कुणालातरी लिहावी लागेल.