झेनाकिसचे गणित आणि त्याचा कान

यानिस झेनाकिस या ग्रीक रचनाकाराची चर्चा करताना त्याचे संगीत हे मुख्य कार्य आणि वास्तुरचना, संभाव्यताशास्त्र, संगणक हे त्याचे जोडउद्योग, असे मानण्याचा प्रघात आहे. याच्या उलट पक्ष असा की, हे सारे मिळून एकच शास्त्र असून संगीत हे त्या शास्त्राचे केवळ उदाहरण होय. हे दोन्ही पक्ष आम्हांस अपुरे वाटतात. गणिताने त्याला काय दिले आणि कोणता निर्णय त्याने स्वतःकडे राखला, हे एकेका कृतीत तपासूनच पाहिले पाहिजे.

१९४७ मध्ये निर्वासित म्हणून पॅरिसला आलेला हा स्थापत्य अभियंता ल कॉर्ब्यूझिए याच्या कार्यालयात नोकरीस होता. 'मेटास्टासिस' (१९५३-५४) या कृतीत ६१ वादक असून प्रत्येकाची स्वरलिपी स्वतंत्र आहे. आरंभी एकाच स्वरावर असलेली ४६ तंतुवाद्ये वेगवेगळ्या गतींनी घसरत एकमेकांपासून दूर जातात. आपल्याकडील वाचकास येथे मींडेची आठवण होईल. परंतु मींड दोन स्वरांना भावाने जोडते, तर झेनाकिसची घसीट ही आलेखपत्रावरील सरळ रेषा आहे. अशा अनेक सरळ रेषांच्या समुदायातून वक्र पृष्ठ निर्माण होते, आणि हीच युक्ती १९५८ च्या ब्रुसेल्स प्रदर्शनातील फिलिप्स मंडपाच्या भिंतींत दिसते. त्या मंडपाच्या कर्तृत्वात आपले नाव असावे म्हणून त्याला ल कॉर्ब्यूझिएशी झगडावे लागले. मंडप प्रदर्शनानंतर पाडला गेला, संगीत राहिले.

खरा प्रश्न उभा राहतो तो 'पिथोप्राक्टा' (१९५५-५६) या कृतीत. वाद्यांच्या लाकडी अंगावर बोटांनी केलेल्या टकटकीने ती सुरू होते. पुढे एका भागात घसिटींचे वेग मॅक्सवेल आणि बोल्ट्समान यांच्या वायुरेणूविषयक नियमानुसार वाटलेले आहेत. आता, हा नियम कानाला ऐकू येतो काय? आमच्या मते मुळीच नाही. ऐकू येतो तो एक समुदाय, ज्यात व्यक्ती हरवते पण गती हरवत नाही. सूत्राने एवढेच ठरते की, अमुक वेगाच्या रेषा किती असाव्यात. त्या कोणत्या वाद्याला द्याव्यात, कोठून निघाव्यात आणि हा भाग केव्हा संपवावा, याविषयी सूत्र मौन पाळते. तो निवाडा रचनाकाराचा. शिवाय या कल्पनेचे मूळही केवळ भौतिकशास्त्राच्या पुस्तकात नाही. युद्धकाळात अथेन्सच्या रस्त्यांवर निघालेल्या मोर्च्यातील तालबद्ध घोषणा गोळीबार होताच विस्कटून गोंधळात विरतात, हे त्याने स्वतः ऐकले होते आणि पुढे लिहूनही ठेवले. नियम नंतर आला. ऐकलेल्या त्या प्रचंड नादाला कागदावर आणण्याचे साधन म्हणून तो आला, आणि म्हणूनच ही कृती टिकली असे आम्हांस वाटते.

१९६२ मध्ये त्याने आयबीएम ७०९० या संगणकाकडून आकडे काढवून 'एसटी' मालिकेतील रचना केल्या. यंत्राने दिलेल्या फलितात त्याने हात घातला, याचा काही अभ्यासकांना विषाद वाटतो. आम्हांस मात्र हात न घातला असता तरच आश्चर्य वाटले असते.

'यूपिक' (१९७७) या यंत्राविषयी आमचे मत किंचित निराळे आहे. मेजावर विद्युत्-लेखणीने रेषा काढावी, आडवा अक्ष काळाचा आणि उभा स्वराच्या उंचीचा. यंत्र त्याचा नाद करून देते. स्वरलिपी न येणाऱ्या मुलांनाही ते वापरता आले. त्याच्या सर्व शास्त्रीय उद्योगांत आम्ही याला सर्वांत उदार म्हणू, कारण येथे त्याने आपली रेषा दुसऱ्यांच्या हाती दिली. पण त्यावर त्याने स्वतः रचलेली 'मिसेन आल्फा' (१९७८) ही कृती 'पिथोप्राक्टा'पुढे फिकी पडते. रेषा तशाच आहेत. परंतु शेहेचाळीस माणसांनी शेहेचाळीस तारांवर बोट घसरविताना प्रत्येकाच्या हातून होणारी किंचित चूक तेथे नाही, आणि त्या चुका मोजण्याचे कोणतेही सूत्र त्याने मांडले नव्हते.