केशवराव भोळे : पडद्याबाहेर न पडलेले संगीत

आकुर्डी, चिंचवड, पिंपरी ही तुकोबांच्या पालखीच्या वाटेवरील गावे कारखान्यांच्या नगरीत विलीन झाली आणि उत्तरेस चाकणपर्यंत मोटारींच्या उद्योगाचा अंमल बसला, तरी या साऱ्या इलाख्यात जुन्या मराठी चित्रपटगीतांची आवड टिकून आहे. चिंचवडच्या रामकृष्ण मोरे प्रेक्षागृहात किंवा पिंपरीच्या आचार्य अत्रे रंगमंदिरात अशा गीतांचा कार्यक्रम लागला, की सुधीर फडके, वसंत पवार, राम कदम यांच्या चालींना हमखास दाद मिळते. परंतु ज्या संगीतकाराने येथून हाकेच्या अंतरावरील देहूच्या संतकवीस पडद्यावर गाते केले, त्या केशवराव भोळे यांचे नाव त्या कार्यक्रमपत्रिकेत क्वचितच आढळते. या उपेक्षेचा दोष श्रोत्यांच्या माथी मारणे सोपे आहे. माझ्या मते तिचे मूळ भोळे यांच्या कलेच्या प्रकृतीतच आहे.

१८९६ साली अमरावतीस जन्मलेले, वैद्यकाच्या शिक्षणासाठी मुंबईस आलेले आणि तेथे संगीताच्या नादाने तो अभ्यास सोडून बसलेले भोळे प्रथम समीक्षक होते. ‘एकलव्य’ या टोपणनावाने त्यांनी समकालीन गायकांच्या गायकीची जी चिकित्सा केली, तिच्यातील परखडपणा पुढे त्यांनी स्वतःच्या चालींनाही लागू केला, आणि हा योग आपल्याकडे दुर्मीळच म्हणावा लागेल. १९३३ साली ‘नाट्यमन्वंतर’ या नाट्यसंस्थेने ‘आंधळ्यांची शाळा’ हे नाटक रंगभूमीवर आणले, तेव्हा रात्र रात्र चालणाऱ्या संगीत नाटकाची वहिवाट मोडून, प्रसंगास हवीत तेवढीच आणि हवी तितकीच गाणी ठेवण्याचा प्रयोग त्यांनी केला. पत्नी ज्योत्स्नाबाई यांच्या भावपूर्ण स्वराचे साह्य त्यास लाभले.

पुढे भोळे ‘प्रभात’ या चित्रपटसंस्थेत आले. तेथे त्यांच्यापूर्वी गोविंदराव टेंबे यांनी ‘अयोध्येचा राजा’ सजविला होता आणि भोळे यांच्याच काळात मास्टर कृष्णराव तेथे काम करीत होते. दोघेही रंगभूमीच्या मुशीतून आलेले, असामान्य अधिकाराचे कलावंत. परंतु नाटकात पद सुरू झाले की कथानक थांबते आणि श्रोता नटाचा गळा ऐकू लागतो, ही सवय बोलपटातही पुष्कळ काळ रेंगाळली. ‘अमृतमंथन’पासून, म्हणजे १९३४ पासून, भोळे यांनी तिच्याशी जो झगडा मांडला, त्याची परिणती दामले-फत्तेलाल दिग्दर्शित ‘संत तुकाराम’मध्ये झाली.

१९३६ सालच्या या चित्रपटाच्या प्रारंभीच तुकाराम आपल्या तंद्रीत अभंग गातो, आणि तीच रचना त्याचा मत्सर करणारा सालोमालो देवळात आपली म्हणून गाऊ लागतो. शब्द एकच, एकाच्या गाण्यात भक्ती आहे आणि दुसऱ्याच्या गाण्यात भक्तीचे सोंग, हे एका शब्दाचाही खुलासा न करता प्रेक्षकास केवळ कानांनी कळते. येथे संगीतच समीक्षक झाले आहे. विष्णुपंत पागनीस हे स्त्रीभूमिका करून रंगभूमीवर नावारूपास आलेले नट असताही त्यांच्या गाण्यात नाटकी हरकतींचा लवलेश उरू नये, स्वर वारकऱ्याच्या भजनाइतकाच सरळ राहावा, परंतु निर्जीव होऊ नये, ही किमया नटाची की संगीतकाराची, हा वाद ज्यास घालावयाचा असेल त्याने घालावा. मुंबईस हा चित्रपट वर्षाहून अधिक काळ चालला आणि १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. मराठीचे अक्षरही न कळणाऱ्या परीक्षकांवर त्या सरळ स्वराचा काहीच परिणाम झाला नसेल, असे मानणे कठीण आहे.

‘कुंकू’मध्ये (१९३७) त्यांनी याहून पुढचे पाऊल टाकले. वृद्ध वकिलाशी फसवून लग्न लावून दिलेल्या नीरेच्या त्या कोंडलेल्या घरात पार्श्वसंगीत जवळजवळ वर्ज्य करण्यात आले. घड्याळाची टिकटिक, रस्त्यावरचा गलका, भिकाऱ्याच्या तोंडचे गाणे, ग्रामोफोनची तबकडी, जे त्या जगात खरोखर वाजू शकते तेवढेच वाजू द्यावयाचे, असा जणू करारच दिग्दर्शक शांताराम आणि संगीतकार यांच्यात झाला होता. नीरेच्या भूमिकेतील शांता आपटे तबकडीच्या साथीवर गातात, तेव्हा वाद्यवृंद कोठून आला हा प्रश्नच उरत नाही. ज्याची उपजीविका सुरांवर चालते, त्याने सुरांना अशी मनाई करावी, यास धैर्य लागते. लाँगफेलोची इंग्रजी कविता नीरेच्या मुखी घालण्याचा मोह मात्र आवरता आला असता तर बरे झाले असते. चित्रपटाच्या सुधारकी आवेशास ती शोभते, संगीताच्या शिस्तीस शोभत नाही.

पुढे ‘संत ज्ञानेश्वर’मध्ये (१९४०) माधुर्य आहे, भव्यताही आहे, परंतु चमत्कारांच्या देखाव्यांपुढे संगीतास बऱ्याच अंशी साथीदाराची तैनात करावी लागते.

आरंभी म्हटलेल्या उपेक्षेचे कारण येथेच आहे. नाट्यगृहात गायकाच्या हाती जे गीत येते, ते प्रसंग मागे टाकूनच येते. फडके यांची चाल अशी सुटी केली तरी स्वतःच्या पायांवर उभी राहते, हे तिचे सामर्थ्य होय. सालोमालोची चाल सुटी केली तर केवळ एक अलंकृत पद उरते आणि नीरेच्या घरातली शांतता तर सुटी करताच येत नाही. म्हणून भोळे यांचा विचार करावयाचा, तर गाण्यांचा कार्यक्रम बरखास्त करून त्याच प्रेक्षागृहात चित्रपटच लावला पाहिजे. या पट्ट्यातील कामगारांची भजनी मंडळे स्पर्धांतून तुकोबांचे अभंग गातात तेव्हा ताना-हरकतींची चढाओढ पुष्कळदा सालोमालोच्या वळणाची होते, आणि ती ऐकताना तर ही गरज अधिकच जाणवते.

अपवाद एकच. गीतकार शांताराम आठवले यांनी ‘संत तुकाराम’साठी बीज आणि वृक्ष यांवर रचलेला अभंग पडद्याबाहेर पडला आणि भजनात रूढ झाला. रचना इतकी अस्सल उतरली, की ती तुकोबांचीच मानून जाणत्यांनीही ती गाथेत शोधली. आजही पुष्कळजण ती तुकोबांची समजूनच गातात. आठवले यांचे नाव त्यांना ठाऊक नसते आणि भोळे यांचेही नसते.